वऱ्हाडी पाकपरंपरा व दूरचित्रवाणी

वऱ्हाडी पाकपरंपरा व दूरचित्रवाणी : महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वऱ्हाड प्रदेशात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, रूढ असलेली अन्नसिद्धीची पद्धती आणि दूरचित्रवाणीवरील पाककृतींच्या कार्यक्रमांतून तिला मिळालेले स्वरूप. ही परंपरा दीर्घकाळ मौखिक राहिली. सासू-सुनांच्या व मायलेकींच्या सहवासात, चुलीपुढे ती शिकली व शिकविली गेली. प्रथम मुद्रित पाकग्रंथांनी आणि नंतर दूरचित्रवाणीने तिच्यातील काही भाग घराबाहेर आणला. मात्र ज्या पिकांवर ही परंपरा उभी होती, त्यांचे क्षेत्र याच काळात घटत गेले. त्यामुळे पदार्थांची कीर्ती वाढत असता त्यांचा मूळ आधार क्षीण होत गेला, असे या इतिहासाचे स्थूल स्वरूप आहे.

प्रदेश व पिके : यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत मोडतो. नदीकाठी काळी कसदार जमीन, मध्यभागी पठारे व डोंगर आणि दक्षिणेस व पूर्वेस सागाची जंगले अशी येथील भूरचना आहे. कापूस हे प्रमुख नगदी पीक व ज्वारी हे प्रमुख अन्नधान्य अशी पिकांची जोडी येथे दीर्घकाळ टिकून होती. कापसाच्या ओळींत तूर, मूग, उडीद व बांधावर अंबाडी लावण्याची, तसेच रब्बी हंगामात गहू, हरभरा व जवस घेण्याची प्रथा होती. ज्वारीचे दाणे माणसांना व कडबा गुरांना मिळे. सरकी व ढेप यांचाही गुरांच्या खाद्यात उपयोग होई आणि गुरांच्या शेणाच्या गोवऱ्या चुलीत इंधन म्हणून जळत. शेत, गोठा व स्वयंपाकघर यांची ही साखळी वऱ्हाडी पाकपद्धतीचा पाया होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दख्खनमधील अन्नपदार्थांचे सविस्तर वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील ‘अन्नभोग’ या प्रकरणात आढळते. मांडे, पुऱ्या, वडे यांसारख्या पदार्थांच्या कृती त्यात दिल्या आहेत. ते वर्णन अर्थातच राजभोजनाचे आहे. वऱ्हाडातील सामान्य जनांच्या आहाराचे ओझरते उल्लेख तेराव्या शतकातील महानुभाव पंथाच्या गद्य वाङ्‌मयात सापडतात.

आज ज्या पदार्थांमुळे वऱ्हाडी जेवण ओळखले जाते, त्यांतील काही घटक तुलनेने अलीकडचे आहेत. मिरची, भुईमूग, मका व टोमॅटो ही मूळची अमेरिका खंडातील पिके असून मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. म्हणजे ज्याच्यावाचून वऱ्हाडी शेतकऱ्याची न्याहारी पुरी होत नाही, तो मिरचीचा ठेचा चार-पाच शतकांपेक्षा जुना असू शकत नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आले. पुढे रेल्वेमार्ग निघाले, कापसाचा व्यापार वाढला आणि यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा ही गावे बाजारपेठा म्हणून पुढे आली. सरकी काढण्याचे कारखाने, अडत व मजुरी यांच्या निमित्ताने मारवाडी, गुजराती, तेलुगू इ. भाषिक लोक येथे वसले व त्यांच्या आहाराचे संस्कार स्थानिक स्वयंपाकावर झाले.

प्रमुख पदार्थ : ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, बेसन आणि ठेचा हा नित्याचा आहार. इतरत्र ज्यास पिठले म्हणतात, त्यास वऱ्हाडात ‘बेसन’ असेच म्हणतात. अंबाडीच्या आंबट पानांची भाजी डाळ किंवा कण्या घालून शिजवितात व वरून लसणीची फोडणी ओततात. जवस व कारळ यांच्या कोरड्या चटण्या तेलाबरोबर खातात. सणावारी व पाहुणचारासाठी हरभऱ्याच्या डाळीचे अनेक प्रकार होतात. शिजविलेले बेसन पाटावर थापून कापलेल्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडल्या म्हणजे पाटोडीचा रस्सा होतो. भरड डाळीचे मसालेदार गोळे भाताबरोबर वाफवून गोळाभात करतात. तळलेले वडे भातात कुस्करून त्यावर फोडणीचे तेल घेतले की तो वडाभात होतो. कोथिंबिरीस येथे ‘सांभार’ म्हणतात. तिचे सारण पातळ पारीत भरून तळलेली सांभारवडी हा हिवाळ्यातील आवडता पदार्थ होय.

रोडगे किंवा पानगे हे शेतातल्या व देवस्थानातल्या जेवणाचे वैशिष्ट्य. जाडसर दळलेल्या कणकेचे तेल लावून घडी घातलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. ते वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खातात. नवस फेडण्यासाठी गावजेवण घालताना रोडगे केले जातात. हे काम बहुधा पुरुष उघड्यावर करतात. पदार्थ, त्याचे इंधन, त्याचा प्रसंग व तो करणारा समूह यांचा असा एकत्रित विचार केल्याशिवाय या पाकपद्धतीचे स्वरूप लक्षात येत नाही.

जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध या आदिवासी जमातींची वस्ती लक्षणीय आहे. मोहाची फुले, चारोळी, तेंदूची फळे, बांबूचे कोवळे कोंब, तरोट्यासारख्या पावसाळी रानभाज्या यांचा त्यांच्या आहारात मोठा वाटा राहिला. बंजारा समाज पूर्वी बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ यांची वाहतूक करी. त्याच्या स्वयंपाकात दळिया, लापशी, तसेच बकऱ्याच्या रक्तापासून केलेली सळोई हे पदार्थ आढळतात.

मुद्रित पाकग्रंथ : रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५) हे मराठीतील आरंभीचे मुद्रित पाकपुस्तक. कमलाबाई ओगले यांचे रुचिरा (१९७०) हे पुस्तक मध्यमवर्गीय घरांत सर्वाधिक पोहोचलेल्या पाकपुस्तकांपैकी एक. या ग्रंथांचा भर बहुतांशी पश्चिम महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांच्या स्वयंपाकावर होता. शेतमजूर, दलित व आदिवासी यांचे अन्न दीर्घकाळ अलिखितच राहिले. मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीवरील शाहू पाटोळे यांच्या अन्न हे अपूर्णब्रह्म (२०१५) या ग्रंथाने ही उणीव ठळकपणे दाखवून दिली. वऱ्हाडासही ती बहुतांशी लागू पडते.

शेतीतील बदल : १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण भारतात प्रसृत झाले. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्यांनी संकरित ज्वारीचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यामुळे उत्पादन वाढले, परंतु नव्या वाणाच्या भाकरीस गावरान ज्वारीची चव नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येई. १९७२ च्या दुष्काळात आयात केलेल्या मिलो ज्वारीवर अनेकांना निर्वाह करावा लागला. पुढे शिधावाटप दुकानांतून मिळणाऱ्या गहू-तांदळाने भाकरीची जागा क्रमाने घेतली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सोयाबीनचा प्रसार झाला व २००२ नंतर बीटी कापसाचा. मजुरीचा वाढता खर्च, पाखरांचा व रानडुकरांचा उपद्रव आणि न परवडणारा भाव यांमुळे शेतकऱ्यांनी ज्वारी सोडली. तिच्याबरोबर कडबा गेला. कडबा कमी झाल्याने गुरे कमी झाली व गुरांबरोबर गोवऱ्याही. १९९० नंतरच्या दशकांत कर्जबाजारीपणा व शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे जिल्ह्याचे नाव देशभर झाले. जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळचा समावेश होता. राज्य शासनाने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली होती. जे अन्न एके काळी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी होते, ते स्वस्तात पुरविण्याची योजना शासनास आखावी लागली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दूरचित्रवाणीवरील पाककार्यक्रम : दूरचित्रवाणीवर स्वयंपाक दाखविण्याची प्रथा ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच रुळली. बीबीसीवर फिलिप हार्बेन यांचा कार्यक्रम १९४६ मध्ये सुरू झाला. प्रादेशिक पाकपरंपरेच्या दृष्टीने स्पेनचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील शासकीय दूरचित्रवाणीवर १९८४ ते १९९१ या काळात एलेना सांतोन्हा यांनी कॉन लास मानोस एन ला मासा (‘कणकेत हात’) हा कार्यक्रम सादर केला. नामवंत पाहुण्यांसमवेत त्यात पारंपरिक स्पॅनिश पदार्थ शिजविले जात. स्पेनमध्ये अशा पदार्थांच्या प्रसिद्धीबरोबरच त्यांच्या कच्च्या मालालाही कायद्याचे संरक्षण लाभले. आस्तुरियास प्रांतातील फाबादा या पदार्थाचा घेवडा व व्हॅलेन्सियातील पाएयाचा तांदूळ ही पिके त्यांच्या मूळ प्रदेशाच्या नावाने संरक्षित आहेत. परिणामी पदार्थाची मागणी वाढली, तर तिचा काही लाभ त्या पिकाच्या शेतकऱ्यास मिळू शकतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरील आमची माती आमची माणसं हा कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी होता, तर स्वयंपाकाचे विषय महिलांच्या कार्यक्रमांत येत. पीक एका कार्यक्रमात व पदार्थ दुसऱ्या कार्यक्रमात अशी ही विभागणी पुढेही टिकून राहिली. १९९३ मध्ये झी वाहिनीवर संजीव कपूर यांचा हिंदी खाना खजाना सुरू झाला व पाककार्यक्रम हा स्वतंत्र लोकप्रिय प्रकार बनला. अल्फा मराठी (१९९९, पुढे झी मराठी) व ई-टीव्ही मराठी (२०००, पुढे कलर्स मराठी) या वाहिन्यांमुळे मराठीत त्यास हक्काचे व्यासपीठ मिळाले. ई-टीव्ही मराठीवरील मेजवानी या कार्यक्रमातून नागपूरचे विष्णू मनोहर यांनी वैदर्भीय पदार्थांचा परिचय राज्यभरच्या प्रेक्षकांना करून दिला. झी मराठीवर २००७ मध्ये सुरू झालेल्या आम्ही सारे खवय्ये या कार्यक्रमात गृहिणी सहभागी होऊ लागल्या. त्यामुळे स्वयंपाकाचे ज्ञान व्यावसायिकांपुरते मर्यादित नाही, ही जाणीव रुजण्यास साहाय्य झाले.

परिणाम व मूल्यमापन : या कार्यक्रमांनी वऱ्हाडी पदार्थांना प्रतिष्ठा मिळवून दिली. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत पाटोडी व सांभारवडी यांची नावे परिचित झाली. ‘खेड्यातले’ म्हणून संकोचाने झाकलेले अन्न पाहुण्यांपुढे मांडण्यास योग्य ठरले. अंदाजाने चालणाऱ्या कृतींना वाटी-चमच्याचे माप मिळाले व घरापासून दूर गेलेल्या पिढीला त्या शिकता आल्या.

तथापि माध्यमाच्या स्वरूपामुळे काही गोष्टी गळून पडल्या. ठरावीक वेळात, गॅसच्या शेगडीवर व शहरी बाजारात मिळणाऱ्या साहित्यात होईल असाच पदार्थ पडद्यावर सोयीचा ठरतो. रोडगे भट्टीत भाजून दाखविता येतात. त्यांमागचे गावजेवण दाखविता येत नाही. सांभारवडीचा खुलासा ‘कोथिंबिरीची वडी’ असा करावा लागतो, कारण अन्यत्र सांभार म्हणजे दाक्षिणात्य आमटी. मोहफुले, रानभाज्या किंवा सळोई यांना अशा मांडणीत सहजी जागा मिळत नाही. त्यामुळे प्रेक्षकांपुढे जे वऱ्हाडी जेवण आले, ते मुख्यतः हरभऱ्याच्या डाळीचे, सणावारीचे व नागर वळणाचे होते. भाकर व अंबाडी यांचा रोजचा आहार त्यामानाने मागे राहिला.

कृती टिकली म्हणजे परंपरा टिकली असे नाही. परंपरेस बी, जमीन, गुरे, इंधन व खाणारी माणसे यांची साखळी लागते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ज्वारीचे आहारमूल्य पुन्हा चर्चेत आले. विदर्भात भिवापूरची मिरची व वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन लाभले असून पीक व प्रदेश यांचे नाते कायद्याने जोडण्याचा मार्ग त्यामुळे उपलब्ध झाला आहे. दूरचित्रवाणीने जागविलेली आवड गावरान ज्वारी, जवस व अंबाडी पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात रास्त भावाच्या रूपाने पडली, तरच ही पाकपरंपरा पडद्याबाहेर, घरच्या ताटात टिकून राहू शकेल.