रिट याचिका क्र. २१३५ : फरीदाबादच्या खाणीतील माणसे

गुरुवार, २५ फेब्रुवारी १९८२. बंधुआ मुक्ती मोर्चा या वेठबिगार-मुक्तीच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना एक पत्र लिहिले. दिल्लीला लागून असलेल्या फरीदाबाद जिल्ह्यातील दगडखाणींची संघटनेने पाहणी केली होती. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातून आलेली माणसे तिथे अमानुष स्थितीत राबत आहेत आणि त्यांतील कित्येक वेठबिगार आहेत, असे पत्रात म्हटले होते. एका खाणपट्टेदाराकडे तर सुमारे दहा वर्षांपासून माणसे अडकून पडली होती.

अशा तक्रारी त्या काळीही पुष्कळ होत. या पत्राचे बळ त्याच्या यादीत होते. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्याचे ११, उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याचे ७ आणि मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्याचे २३, अशा ४१ जणांची नावे गावांसकट दिली होती. ललितपूरच्या आणखी १४ जणांचाही उल्लेख होता. मोघम तक्रार चौकशीच्या कागदांत विरून जाते. नाव आणि गाव दिले, की कोणाला तरी तिथवर जाऊन त्या माणसालाच विचारावे लागते. ही नावे न्यायालयीन दप्तरात आहेत. मी ती इथे देत नाही, कारण त्या माणसांची मुले-नातवंडे आज कुठेतरी जगत असतील आणि बापाचे वेठबिगारपण चारचौघांत सांगावे की नाही, हे त्यांनी ठरवायचे आहे.

पुढची हकीकत मुख्यतः १६ डिसेंबर १९८३ च्या निकालपत्रावरून जुळवता येते. संघटनेचे पत्र, आयुक्तांचा अहवाल, नंतरची पाहणी आणि हरियाणा सरकारची बाजू, सगळ्यांचा गोषवारा त्यात आहे. मात्र खाणीतल्या माणसांचे बोलणे आपल्यापर्यंत दोन हातांतून आलेले आहे. आधी वकिलांनी ते अहवालात उतरवले, मग न्यायमूर्तींनी त्याचा सारांश केला. राग, रडू, बोलता बोलता थांबणे, हे सगळे त्या प्रवासात गळून गेले. उरली ती फक्त माहिती. पण ती माहिती भक्कम आहे.

पत्राच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, न्यायालयाने ते पत्र रिट याचिका म्हणून दाखल करून घेतले. तिचा क्रमांक २१३५. त्याच आदेशाने अशोक श्रीवास्तव आणि अशोक पांडा या दोन वकिलांना आयुक्त नेमण्यात आले. २७ आणि २८ फेब्रुवारीला त्यांनी खाणींवर जायचे आणि २ मार्चपर्यंत अहवाल द्यायचा होता. यादीतील प्रत्येकाला भेटून, शिवाय इतर काही मजुरांशी बोलून, ही माणसे राजीखुशीने काम करतात का, हे त्यांना शोधायचे होते. ते दोन दिवस शनिवार-रविवार होते. पत्र पोचणे, आदेश निघणे आणि माणसे खाणीवर पोचणे हे सारे अठ्ठेचाळीस तासांच्या आसपास घडले. या घाईला मी फार महत्त्व देतो. जिथे माणसांना कोंडून ठेवले आहे, तिथे चौकशीची बातमी आधी पोचली तर साक्षीदार रातोरात हलवता येतात. न्यायालयाने नुसती नोटीस काढून उत्तरासाठी चार आठवडे दिले असते, तर यादीतली किती माणसे जागेवर सापडली असती?

आयुक्त अनंगपूर आणि लक्कडपूर भागातल्या खाणींवर गेले. दगड फोडणारी यंत्रे चालू होती, हवा धुळीने भरलेली होती आणि श्वास घेणेही कठीण होते, असे त्यांनी लिहिले आहे. डझनाहून अधिक मजुरांचे म्हणणे त्यांनी नोंदवले. ते असे : आम्हाला खाण सोडून जाऊ देत नाहीत. आमच्याकडून जबरीने काम करून घेतात. प्यायला शुद्ध पाणी नाही, बहुतेकांना नाल्याचे घाण पाणी प्यावे लागते. राहण्याच्या झोपड्या म्हणजे दगडावर दगड रचून केलेल्या भिंती आणि वर गवत. ऊन अडत नाही, पाऊस अडत नाही आणि आत माणूस जेमतेम उभा राहू शकतो. काहींना क्षयरोग जडला होता. कामावर इजा झाली तर भरपाई नव्हती, दवाखाना नव्हता, मुलांना शाळा नव्हती. एका खाणीवर झोपड्या नुसत्या गवताच्या होत्या. तिथल्या बहुतेकांच्या अंगावर पुरेसे कपडे नव्हते, माणसे थंडीने कुडकुडत होती आणि लहान मुले तशीच उघडी हिंडत होती.

हे ठिकाण कोणत्या दूरच्या रानात नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरायच्या होत्या, राजधानीत बांधकामांची धांदल होती आणि या खाणी दिल्लीच्या वेशीवर होत्या. त्या स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचे प्रकरणही याच न्यायालयात होते. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या अनुच्छेद २३ खाली सक्तमजुरीच आहे, असा निकाल त्यात १८ सप्टेंबर १९८२ रोजी लागला. फरीदाबादच्या खटल्याला त्याचा आधार मिळाला.

आता प्रश्न असा, की ही माणसे निघून का जात नव्हती? दिल्ली इतकी जवळ होती. उत्तर अर्थव्यवहारात आहे आणि तो व्यवहार आयआयटीतील डॉ. पटवर्धन यांच्या पाहणीमुळे उलगडतो. आयुक्तांचा अहवाल आल्यावर न्यायालयाने पटवर्धन यांना सविस्तर सामाजिक-कायदेशीर पाहणी करायला सांगितले. पत्रकार कृष्ण महाजन त्यांच्या सोबतीला होते.

खाणीचा पट्टा एकाकडे असे, पण मजुरांची गाठ पडे ती ठेकेदाराशी किंवा जमादाराशी. तोच परराज्यांतून माणसे आणवी. मजुरी दिवसावर नसून दगड भरलेल्या ट्रकवर मोजली जाई. दगड फोडायला सुरुंग लागतो, सुरुंगासाठी भोके पाडावी लागतात आणि स्फोटके विकत घ्यावी लागतात. हा भोके पाडण्याचा आणि स्फोटकांचा खर्च मजुराच्याच माथी होता. खाण दुसऱ्याची, दगड दुसऱ्याचा, तो उडवण्याची दारू मात्र मजुराच्या मजुरीतून. त्यात ट्रकमध्ये मापापेक्षा जास्त दगड भरून घेतला, की तेवढे काम फुकटात गेले. या हिशेबात मजुराच्या हाती शिल्लक उरणे अवघड, आणि घर सोडताना उचल घेतलेली असेल तर ती फिटणे त्याहून अवघड. कुलूप आणि पहारेकरी असोत वा नसोत, न संपणारे देणे, परका मुलूख आणि पाठीशी असलेली बायकापोरे एवढ्यावर माणूस जखडला जातो.

मराठी वाचकाला हा व्यवहार अनोळखी नाही. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये लग्नापुरते कर्ज काढून पुढे वर्षानुवर्षे सावकाराच्या दारी राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. १९४५ चा वारल्यांचा लढा ज्या गोष्टींविरुद्ध उभा राहिला, त्यांत वेठ आणि लग्नगडी या प्रथा अग्रभागी होत्या.

हरियाणा सरकारचे उत्तर वाचताना मन विषण्ण होते. सरकारची पहिली हरकत अशी, की तक्रारीतले सगळे खरे मानले तरी कोणाच्या मूलभूत हक्काचा भंग झालेला नाही, म्हणून याचिका चालूच शकत नाही. दुसरी हरकत अशी, की आयुक्तांच्या अहवालाची उलटतपासणी झालेली नाही, म्हणून तो पुरावा नव्हे. तिसरी हरकत सर्वांत घातक होती. खाणीत काही सक्तमजूर असतीलही, पण ते कायद्याच्या व्याख्येतील वेठबिगार नाहीत. वेठबिगार ठरायला त्याने उचल किंवा कर्ज घेतलेले असले पाहिजे आणि ते सिद्ध झाले पाहिजे.

दुसऱ्या हरकतीत तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. दोन दिवसांत घेतलेली, शपथेशिवायची निवेदने साध्या दिवाणी दाव्यात टिकली नसती. न्यायालयाने त्यावर दिलेले उत्तर मला पटते. अहवालाच्या प्रती सर्व पक्षांना मिळतात, ज्याला तो खोडायचा असेल त्याने प्रतिज्ञापत्र करावे. गरीब माणूस स्वतः पुरावा गोळा करू शकत नाही, म्हणून न्यायालयाने तो करून घ्यायचा. शिवाय पटवर्धनांची पाहणी स्वतंत्रपणे झाली होती.

तिसरी हरकत मात्र पटण्यासारखी नव्हती. उचल दिली की नाही, किती दिली, किती फिटली, याची वही कोणाकडे असते? देणाऱ्याकडे. मजुराकडे पावती नसते. म्हणजे कोंडणाऱ्याच्या कपाटात असलेला कागद कोंडलेल्याने आणून दाखवावा, तोवर राज्य त्याला मुक्त करणार नाही, असा या युक्तिवादाचा अर्थ होता. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचे कलम १५ तर याच्या उलट सांगते. एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असा दावा झाला, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोची आहे. कायदा करणाऱ्यांना ही अडचण आधीच ठाऊक होती. राबवणाऱ्या सरकारला ती ठाऊक करून घ्यायची नव्हती.

न्या. भगवती, न्या. आर. एस. पाठक आणि न्या. ए. एन. सेन यांच्या पीठाने निकाल दिला. पत्र एका न्यायमूर्तींच्या नावे न लिहिता न्यायालयाला उद्देशून लिहावे, असे पाठक यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात बजावले. ती शिस्त योग्यच होती. निकालाचा गाभा भगवतींच्या एका सूत्रात आहे : एखाद्याकडून सक्तीने काम करून घेतले जाते एवढे दिसले, की ते उचलीच्या किंवा अन्य आर्थिक मोबदल्यापोटीच आहे, म्हणजे तो वेठबिगार आहे, असे न्यायालय गृहीत धरील. तसे नाही असे म्हणणाऱ्या मालकाने किंवा सरकारने ते सिद्ध करावे. पुराव्याचा जो दगड मजुराच्या छातीवर होता, तो उचलून मालकाच्या हाती दिला गेला. भारतातल्या गुलामीच्या इतिहासात कायद्याच्या मजकुराहून हे एक गृहीतक मला मोठे वाटते.

सोबत २१ निर्देश होते. स्फोटके आणि भोके पाडण्याचा खर्च मजुरीतून कापायचा नाही. ट्रक मापापेक्षा जास्त भरला जात नाही ना, याची अचानक तपासणी करायची. धूळ रोखण्याची व्यवस्था करायची. प्रत्येक मजुराला दिवसाला निदान २ लिटर शुद्ध पिण्याचे पाणी मिळाले पाहिजे. प्रजासत्ताकाच्या चौतिसाव्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पाण्याचे लिटर मोजून लिहावे लागले. श्रम मंत्रालयातील लक्ष्मीधर मिश्र यांना खाणींवर जाऊन कोण वेठबिगार आहे याची तपासणी करण्यास आणि अंमलबजावणी पाहण्यास नेमले गेले.

इथे एक तारीख ध्यानात घ्यावी. वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आला. त्या क्षणी देशातला प्रत्येक वेठबिगार मुक्त झाला आणि त्याचे कर्ज बुडाले, असे कायद्याचे शब्द आहेत. पत्र लिहिले गेले तेव्हा, दहा वर्षे खाणीत असलेली ती माणसे सहा वर्षे चार महिने कायद्याने मोकळी होती. त्यांना ते सांगायला कोणी आले नव्हते.

सुटकेनंतर काय झाले, हे एका दुसऱ्या पत्रामुळे कळते. फरीदाबादच्या खाणींतून न्यायालयाच्या आदेशाने सुटलेल्या सुमारे १३५ मजुरांना मार्च १९८३ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात त्यांच्या गावी आणले गेले. ‘स्टेट्समन’च्या वार्ताहर नीरजा चौधरी तिथल्या गावांत गेल्या आणि २० सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले : सहा महिने झाले, पुनर्वसन झालेले नाही, कित्येक उपासमारीच्या काठावर आहेत. १९७८ पासून मुक्त वेठबिगारासाठी केंद्र आणि राज्य मिळून ४००० रुपयांपर्यंत मदतीची योजना होती. योजना असूनही माणसे उपाशी होती. ८ मे १९८४ च्या निकालात न्यायालयाने ठरवले, की ओळखणे आणि सोडवणे पुरेसे नाही. पुनर्वसन झाले नाही, तर मुक्त माणूस पोटासाठी पुन्हा त्याच वेठीत जाईल, म्हणून ते राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे. १९९१ मध्ये फरीदाबादचा विषय पुन्हा न्यायालयापुढे आला, तेव्हा खाणींतल्या स्थितीत फारशी सुधारणा झाल्याचे दिसले नाही. या खाणी ज्या अरवलीत होत्या, तिथले खाणकाम २००२ पासून न्यायालयाच्या आदेशांनी थांबवले गेले. कारण होते डोंगर आणि भूजल वाचवण्याचे.

पत्राच्या आरंभीच्या वाक्यात महाराष्ट्राचे नाव आहे, पण नावागावांच्या यादीतील तीन जिल्ह्यांत महाराष्ट्राचा एकही नाही. आपली माणसे तिथे होती आणि ती यादीबाहेर राहिली. आज मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यासह ऊसतोडीला निघणारी जोडपी, वीटभट्टीवर सहा-सहा महिने राहणारी कुटुंबे, यांतला प्रत्येक जण वेठबिगार आहे असे मी म्हणत नाही. पण उचल फिटेपर्यंत टोळी सोडून जाऊ दिले जात नसेल, तर १९८३ चे गृहीतक तिथे लागू होते आणि ते खोडण्याची जबाबदारी मुकादमावर येते.

१९७६ च्या कायद्याच्या कलम १३ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असावी लागते. जिल्ह्यात तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, उपविभागात प्रांताधिकाऱ्यांकडे. आपल्या उपविभागात ही समिती आहे का, ती शेवटची कधी बसली, तिने किती माणसे ओळखली आणि सोडवली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. वाचकांनी ते विचारावे. आणि उचलीपायी अडकलेले कुटुंब ठाऊक असेल, तर वेगळ्या अर्जात त्यांची नावे आणि गाव नीट लिहून तो प्रांताधिकाऱ्यांकडे द्यावा.