‘पासून’, ‘पर्यंत’ आणि इंग्रजीतली वेळ

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकलेल्या पिढीचे इंग्रजी व्याकरण चांगलेच पक्के असते. तरीही परदेशात आल्यावर वेळेबद्दल बोलताना आपली वाक्ये अडखळतात. आमच्या मते याचे मूळ बहुतेकदा दोन मराठी शब्दांत आहे: ‘पासून’ आणि ‘पर्यंत’.

‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’, दोन्हीकडे आपला शब्द एकच. इंग्रजीत सुरुवात कधी झाली हे सांगताना ‘सिन्स मंडे’, आणि किती काळ लोटला हे सांगताना ‘फॉर थ्री डेज’. ‘सिन्स थ्री डेज’ ही चूक तशी निरुपद्रवी, डॉक्टरांना अर्थ कळतो. खरी गफलत क्रियापदात होते. ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणजे ताप अजून आहे. ‘आय हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणजे येऊन गेला! भारतातून आलेल्या आईवडिलांच्या वतीने आपण दवाखान्यात बोलतो, तेव्हा हा फरक मोठा ठरतो.

‘पर्यंत’चेही तसेच. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ म्हणजे ‘बाय फ्रायडे’. त्याआधी कधीही दिला तरी चालेल. ‘शुक्रवारपर्यंत गोळ्या घ्या’ म्हणजे ‘अंटिल फ्रायडे’. रोज घेत राहायच्या. घरमालकाला ‘आय विल पे अंटिल फ्रायडे’ सांगितले, तर शुक्रवारनंतर भाडे बंद असे तो बिचारा समजेल.

आता शब्दांचा क्रम. मराठीत वेळ आधी येते: ‘मी काल मुलीला शाळेत सोडले.’ इंग्रजीत आधी ठिकाण, मग वेळ: ‘आय ड्रॉप्ड हर ॲट स्कूल यस्टरडे.’ जोर द्यायचा असेल तर ‘यस्टरडे’ अगदी सुरुवातीला चालतो. क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये मात्र नको. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’ हे मुख्य क्रियापदाआधी, पण ‘इज’, ‘आर’ यांच्या नंतर: ‘शी ऑलवेज कम्स लेट’, ‘शी इज ऑलवेज लेट’. आपल्या ‘कालच’मधला ‘च’ शेवटी ‘ओन्ली’ लावून येत नाही. ‘आय ओन्ली केम यस्टरडे’ म्हणावे.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी: तिथला ‘हाफ सेव्हन’ म्हणजे आपले साडेसात, साडेसहा नव्हे. अमेरिकेत ४/७ म्हणजे ७ एप्रिल, तर भारतात आणि ब्रिटनमध्ये ४ जुलै. आणि आपला ‘परवा’? मागचाही तोच, पुढचाही तोच. म्हणून मुलांना मराठीत निरोप देतानाही वार सांगावा, आणि अपॉइंटमेंट घेताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.