पुरुष कशानं ठरतो? इग्बो गावातलं घर, भावकी आणि कंद

आपल्यापैकी बहुतेकांना इग्बो गाव भेटलेलं असतं ते चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत. त्यातला ओकोन्क्वो आपल्या लक्षात राहतो. बाप कर्जबाजारी, बासरीत रमणारा. आपण तसं होऊ नये या धास्तीतच मुलाचं सगळं आयुष्य जातं. कादंबरी मिटताना आपण मनात म्हणतो, इग्बो परंपरा म्हणजे हा ओकोन्क्वो. आज आपल्याला हे समीकरणच तपासून बघायचं आहे.

इग्बो प्रदेश म्हणजे आजच्या नायजेरियाचा आग्नेय भाग. 'इग्बोंना राजा नसतो' अशी त्यांच्यातली म्हण आहे. न्री, ओनित्शा असे अपवाद होते, पण बहुतेक गावांचा कारभार पंचायतीनं, वयोगटांनी आणि भावकीनं चाले. भावकीला शब्द आहे 'उमुन्ना', म्हणजे बापाची लेकरं. आपल्या 'भावकी'त जशी आपुलकी आणि बांधाची भांडणं एकत्र नांदतात, तशीच या शब्दातही. जमीन, वारसा, स्पर्धा हे सगळं उमुन्नात.

आता घराची रचना बघा. मातीच्या कुंपणाच्या आत दर्शनी बाजूला पुरुषाची झोपडी, 'ओबी'. पाहुणा तिथे येणार, कोला नट तिथेच फोडला जाणार. मागे प्रत्येक बायकोची वेगळी झोपडी, वेगळी चूल. म्हणजे मूल वाढतं आईच्या चुलीपाशी. एका आईच्या लेकरांना 'उमुन्ने' म्हणतात, आणि जिव्हाळा असतो तो या शब्दात. ज्याला आपण पितृसत्ताक घर म्हणून मोकळे होतो, त्याच्या आत अशा चार-पाच मातृघरांचा संसार असायचा.

मग पुरुष कशानं ठरायचा? पहिलं उत्तर शेतातलं आहे. याम, म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद, हे पुरुषाचं पीक. वरंबे घालायचे, वेलांना काठ्यांचा आधार द्यायचा, काढलेले कंद कोठारात उभे बांधून रचायचे. माणसाची पत लोक ते कोठार बघून ठरवत. अळकुड्या हे बायकांचं पीक. दुसरं उत्तर 'ओझो'सारख्या पदव्यांचं. त्या बापाकडून मिळत नसत. संपत्ती खर्चून, गावाला जेवू घालून मिळवाव्या लागत. तिसरं उत्तर 'इकेंगा', शिंगं असलेली लाकडी मूर्ती. तिचं नातं उजव्या हाताशी, म्हणजे स्वतःच्या कर्तबगारीशी. थोडक्यात, पौरुष जन्मानं पदरात पडत नसे, ते कमवावं लागे. आणि कमावलेलं गमावण्याची भीती असतेच. ओकोन्क्वोची धास्ती अचेबेंनी हवेतून आणलेली नाही.

पण या पौरुषाला लगाम होता, आणि तो एका देवीच्या हातात. अला किंवा अनी, ही भूमाता. रक्ताच्या माणसाची हत्या हा तिचा अपराध. सरदार असो की पैलवान, सुटका नाही. कादंबरीतही ओकोन्क्वोच्या हातून चुकून गोत्रातल्या मुलाचा जीव जातो, आणि त्याला सात वर्षं काढावी लागतात कुठे? आजोळी. बापाच्या गावानं हाकललेल्याला आईचं गाव ठेवून घेतं.

दुसरा लगाम 'उमुआदा'चा, म्हणजे गोत्रातल्या लेकींचा. आपला जवळचा शब्द माहेरवाशिणी, पण आपल्या माहेरवाशिणीला माहेरी लाड मिळतात, यांना माहेरी अधिकार होता. भावकीतले तंटे मिटवायला, मर्तिकाच्या विधींना त्या एकत्र येत, आणि त्यांचा शब्द भाऊ सहसा मोडत नसत.

इफी अमादियुमे यांनी न्नोबी या गावावर १९८७ साली पुस्तक लिहिलं, त्यात याच्याही पुढची गोष्ट आहे. ज्याला मुलगा नाही असा बाप विधी करून लेकीला 'मुलगा' करू शके. मग घर-जमीन तिच्याकडे राही. सधन बाई स्वतः बायका करू शके आणि त्यांची 'नवरा' ठरे. अमादियुमे भाषेकडेही लक्ष वेधतात: इग्बोत 'तो' आणि 'ती'ला एकच सर्वनाम आहे. आपल्याला 'येतो' की 'येते' हे ठरवल्याशिवाय साधं वाक्य बोलता येत नाही, हे आठवून बघा!

यावरून लगेच समतेचा सुवर्णकाळ रंगवू नये, असं आम्हाला वाटतं. लेकीला मुलगा करायचं ते बापाचं घराणं टिकावं म्हणून. जुळी मुलं टाकून दिली जात, 'ओसू' ठरवलेल्यांशी लग्नसंबंध होत नसत. मुद्दा एवढाच, की पुरुषपणा ही देहापेक्षा जागा होती, आणि त्या जागेवर कधीकधी बाई बसू शकत होती.

ब्रिटिशांना ही जागा दिसलीच नाही. राजा नसलेल्या गावांत त्यांनी वॉरंट देऊन प्रमुख नेमले, आणि नेमले ते जवळजवळ सगळे पुरुष. माहेरवाशिणींची सभा, बाजारातल्या बायकांची संघटना, यांना त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता. बायकांचं एक जुनं हत्यार होतं: बाईला छळणाऱ्या पुरुषाच्या दारात सगळ्यांनी जमायचं, टोमण्यांची गाणी म्हणायची, मुसळांनी झोपडी बडवायची, प्रसंगी छप्पर उतरवायचं, तो माफी मागेपर्यंत. १९२९ च्या अखेरीस, आता बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली, तेव्हा हजारो बायका हेच हत्यार घेऊन वॉरंटवाल्या प्रमुखांच्या दारात गेल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मेल्या. सरकारी दप्तरात नोंद झाली 'आबाची दंगल' अशी. त्या बायका त्याला 'ओगू उमुन्वान्यी' म्हणत, म्हणजे बायकांचं युद्ध.