टेकूखालचे संसार

आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांची मुळं गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या चाळींत आहेत. रौप्यमहोत्सवी अंकासाठी त्या घरांविषयी लिहायला बसलो आणि एकच शब्द सारखा समोर यायला लागला : टेकू. मोठी दुरुस्ती चालू आणि माणसं त्याच घरात, ही अवस्था मुंबईतल्या कित्येक कुटुंबांनी दोन-चार महिने नव्हे, वर्षानुवर्षं काढली. ती का काढावी लागली, ते आजच्या मुलांना माहीत असायला हवं.

या चाळींचा सांगाडा बहुतेक लाकडी. सागवानी खांब, तुळया, वर कडीपाट, त्यावर कोबा. सागवान टिकाऊ खरं, पण भिंतीत गेलेलं तुळईचं टोक ओलं राहिलं की तिथून कुजायला लागतं. आणि ओल यायची सामायिक संडासांकडून, मोऱ्यांकडून. त्यामुळे चाळीची ती बाजू आधी थकायची.

मग वेळेवर दुरुस्ती का नाही झाली? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं हे प्रमाण धरलं. त्या कायद्याने भाडेकरू तगला, हे मान्य करायलाच हवं. गिरणी कामगार आणि कारकून भर शहरात राहू शकले ते त्याच्याच जोरावर. पण महागाई वाढत गेली, भाडं तिथेच राहिलं, आणि मालकांनी डागडुजीवरचा हात आखडता घेतला. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. मालमत्ता कराबरोबर उपकर घ्यायचा आणि त्यातून मंडळाने दुरुस्ती करायची, अशी ती योजना. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या १९,६४२ इमारती तिच्यात आल्या. त्यांतल्या १६,५०२ तर १९४० च्या आधीच्या. १९७७ मध्ये हे मंडळ म्हाडात सामील झालं.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती कशी चालायची ते सांगतो, कारण खरी गंमत (आणि खरा त्रास) तिथे आहे. तिसऱ्या मजल्याची तुळई कुजली तरी टेकू तळमजल्यापासून एकावर एक लावावे लागतात. भार शेवटी जमिनीपर्यंत पोचायला हवा ना! म्हणजे दुखणं वरच्याचं आणि खांब खालच्याच्या ओट्यापुढे. मग वरचा कोबा फोडायचा, कुजलेली तुळई काढायची, तिच्या जागी लोखंडी गर्डर सरकवायचा. हे सगळं होताना खाली शाळेचे डबे भरले जायचे. पिठाच्या डब्यांवर ओल्या चादरी, कपाटावर प्लॅस्टिक, आणि आजी-आजोबा दिवसभर शेजारच्या बिऱ्हाडात. माझ्या आत्याच्या खोलीत ऐन मधोमध टेकू होता. तिने त्याला खिळा ठोकून कॅलेंडर लावलं, पुढे आरसाही लावला. काम संपून टेकू निघाला तेव्हा ती म्हणाली, "आता खोली रिकामी रिकामी वाटते गं बाई."

थोरामोठ्यांनाही हा फेरा चुकलेला नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या मुलीच्या पियानोचा पाय जमीन फोडून खाली गेला. कुटुंब रस्त्यापलीकडच्या ब्लेअर हाउसमध्ये हललं, आतलं सगळं नव्याने बांधलं गेलं आणि १९५२ मध्ये मंडळी परतली. चाळकऱ्याला समोर ब्लेअर हाउस नव्हतं. त्याच्यापुढे पर्याय होता संक्रमण शिबिराचा; आणि थोड्या काळासाठी म्हणून तिथे गेलेल्या कित्येकांची पुढची पिढी तिथेच लग्नाला आली. जागा भाड्याची, हातात होता तो फक्त ताबा. खोली सोडली तर परत मिळेल का, ही धास्ती डोक्यावर पडणाऱ्या मातीपेक्षा मोठी होती. म्हणून लोक टेकूखाली राहिले. याला हटवादीपणा म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

आपलं गणित वेगळं आहे. इथे भांडायला मालक नाही आणि दुरुस्तीला मंडळही नाही, दोन्ही आपणच. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, तिशीनंतर दर तीन वर्षांनी. सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी बाजूला काढायचा. मासिक बिलातल्या या ओळीवरून सर्वसाधारण सभेत दरवर्षी आवाज चढतो, पण गर्डर आणि प्लास्टर येतं ते तिच्यातूनच.

दिवाळीनंतर ए विंगला बाहेरून परांची लागणार आहे. ग्रिलमधल्या कुंड्या तेवढ्या आधी आत घ्या. आणि वरच्या मजल्यांवरच्या मंडळींनी सिमेंटच्या गोण्या जिन्याखाली टाकण्यापूर्वी तळमजल्यावरच्या वहिनींना एकदा विचारा.