जादा हंगाम

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या माणसापुढे खरबुजाची गोष्ट काढणे म्हणजे लग्नाच्या मांडवात बारशाचे पेढे वाटण्यासारखे आहे. ही वेळ चकल्या-अनारशांची. पहाटे अभ्यंगाच्या वेळी अंगावर काटा येऊ लागला आहे, आणि खरबूज-कलिंगडे पाटीतून दारावर यायला अजून पाचसहा महिन्यांचा अवकाश आहे. तरीही ती गोष्ट मी आजच काढतो, कारण उत्तरेकडे गंगा-यमुनेच्या काठी वैशाखात जे खरबूज कापले जाते त्याची आखणी याच दिवसांत होते. आपण दारात आकाशकंदील टांगत असतो, तेव्हा तिकडचा एखादा मल्लाह पाण्याच्या कडेला उभा राहून ओली वाळू पायाने चाचपीत असतो.

मला हे प्रथम कळले ते अशाच एका कार्तिकात, दिल्लीला यमुनेच्या पुलाखाली. एक म्हातारा हातातल्या काठीने वाळूवर खुणा करीत चालला होता. मी विचारले, "बाबा, काय मोजता?"

"शेत मोजतोय, बाबूजी."

मला शेत कुठेच दिसेना. पुढे नुसती वाळू, आणि तिच्यापुढे पाणी. म्हातारा हसला. म्हणाला, "अजून दोन हात पाणी उतरेल. मग तुम्हालाही दिसेल."

जे अजून पाण्याखाली आहे त्या शेताचा आराखडा हा मनुष्य आज करीत होता! पुढे इतिहासाची पुस्तके चाळताना हा म्हातारा मला वारंवार आठवत गेला, आणि त्याच्या त्या हंगामाची कुळकथा शोधावी असे वाटू लागले.

आपल्याकडे खरीप आणि रब्बी हे दोन हंगाम सर्वांना ठाऊक आहेत. उत्तरेत तिसरा एक आहे. त्याचे नाव 'जायद'. फाल्गुनात गव्हाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात तिथपासून आषाढाच्या पहिल्या पावसापर्यंतचा हा काळ. दुधी, कारली, घोसाळी, काकडी, भेंडी, खरबूज, कलिंगड हे सारे जायदचे धन. शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि त्याचा अर्थ सरळ आहे : अधिक, वरकड. आपल्या मराठीतले 'जादा' आणि 'जास्ती' हे त्याचेच भाऊबंद. सरकारी वहीत दोन हंगाम खरे, तिसरा जादा! आता प्रश्न असा की, जादा म्हणजे कोणाच्या हिशेबाने जादा?

ही शेती वहीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सीताध्यक्ष, म्हणजे राजाच्या शेतीचा अधिकारी, याची कामे सांगितली आहेत. कोणत्या जमिनीत काय लावावे हे सांगताना, पाण्याचा फेस जिथे येऊन आदळतो ती भूमी वेलफळांसाठी योग्य, असे तो ग्रंथ म्हणतो. नदीकाठच्या वाळूत भोपळ्या-काकड्यांचे वेल सोडावेत ही अक्कल आपल्या लोकांना निदान दीड-दोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे. संस्कृतात कलिंगडाचे एक नाव 'कालिंद' आहे आणि यमुनेचे नाव 'कालिंदी'. यावरून व्युत्पत्तीचा डोलारा मी उभारणार नाही. पण दोन्ही नावे शेजारी ठेवली की कानाला बरे वाटते, एवढे खरे.

१५२६ साली पानिपत जिंकून बाबर आग्र्याला आला, आणि त्याला हिंदुस्थानात काय काय नाही याची यादी त्याने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली. त्या यादीत चांगली द्राक्षे नाहीत, बर्फ नाही, आणि चांगली खरबुजेही नाहीत. बादशहाला मुलूख मिळाला, पण जिभेची आठवण जाईना. १५२९ साली काबूलला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले आहे, की खरबूज कापताना आपल्या डोळ्यांत पाणी आले. त्याच साली आग्र्याच्या यमुनाकाठच्या बागेत, बल्खहून आणलेल्या माळ्याने लावलेली खरबुजे तयार झाली आणि ती खाऊन बादशहा संतुष्ट झाला.

अकबराच्या अमदानीत हा आवडीचा विषय दप्तरात शिरला. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त दर बिघ्याला कोणत्या पिकावर किती सारा घ्यायचा याची कोष्टके आहेत. त्यांत हंगाम दोनच आहेत, वसंताचा आणि शरदाचा. पण वसंताच्या यादीत विलायती खरबूज वेगळे आणि देशी खरबूज वेगळे धरले आहे. बल्खच्या माळ्याचे बी साऱ्याच्या वहीपर्यंत पोचले होते असे म्हणायला हरकत नाही. पुढे इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी आणि पिकांची नोंद पक्की झाली, तेव्हा संयुक्त प्रांतात खरीप-रब्बीच्या खाली तिसरा रकाना पडला, तो जायदचा. तिथला लेखपाल, म्हणजे पूर्वीचा पटवारी, वर्षातून तीनदा शेतांवर फिरून पिके नोंदतो. या कामाला तिकडे 'पडताल' म्हणतात; आपण 'पडताळून पाहणे' म्हणतो तोच हा शब्द. जायदची पडताल चैत्र-वैशाखाच्या उन्हात होते.

आता ज्याची ही पडताल होते त्याच्याकडे वळू. दसऱ्यानंतर नदी उतरू लागते. कार्तिकात वाळूची पट्टी उघडी पडते. कोणाच्या वाट्याला कोणती पट्टी हे ठरते, खंड ठरतो, आणि बहुधा कर्जही ठरते, कारण खताला आणि बियाण्याला पैसा आडत्याकडूनच यायचा असतो. मग दोन-तीन मीटरच्या अंतराने चर खणतात, हातभर रुंद आणि दीड-दोन फूट खोल. खाली ओल लागली पाहिजे, हा त्याचा हेतू. वाळूत स्वतःचा कस काही नसतो; म्हणून चराच्या तळाशी कुजलेले शेणखत घालावे लागते. पौषाच्या थंडीत बी ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवतात, मोड आले की लावतात. कोवळ्या रोपांवर हिमकडा पडू नये म्हणून उत्तर-पश्चिमेच्या अंगाला उंच गवताचे कूड उभे करतात. वाळूतच झिरे खणून मडक्याने पाणी घालतात. फाल्गुन-चैत्रात काकडी आणि दुधी निघतो, वैशाखात खरबूज. तेव्हा 'लू' सुटलेली असते. माणसे घरांची दारे लावून बसतात आणि त्याच झळांनी वाळूतल्या खरबुजात साखर भरते. ज्येष्ठ सरता सरता वेल उपटून, झोपडी मोडून, बांबू डोक्यावर घेऊन काठावर चढायचे. पुढे श्रावणात त्या शेतावरून होड्या चालतात.

या साऱ्यात चुकायला जागा कुठे आहे? पंधरा दिवस उशिरा लावले, तर बाजारात सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. पंधरा दिवस लवकर लावले, तर थंडी रोपे मारते. काठावरच्या छोट्या शेतकऱ्याचेही हेच गणित असते. बटाटा किंवा वाटाणा निघाला की त्याच्या बिघाभर रानात माघ-फाल्गुनात वेलभाज्या आणि भेंडी लावली जाते. गव्हाचे पैसे येण्याआधी घरात रोकड खुळखुळते ती याच भाजीची. काठावरचा निदान पुढच्या वर्षी त्याच रानात उभा असतो. वाळूवाल्याला तेही ठाऊक नसते.

नदी केव्हा उतरते आणि कुठे उतरते हे ज्ञान किती मोलाचे असते, याचा एक कडू धडा आपल्या मराठी इतिहासात आहे. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला. अब्दाली यमुनेच्या पलीकडे होता आणि मधल्या पाण्याचा आपल्या फौजेला भरवसा होता. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी यायची होती त्या दिवसांत, अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेला बागपतजवळ उतार गाठून नदी ओलांडली. त्याची काही माणसे बुडाली, पण फौज अलीकडे आली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. पुढे १४ जानेवारी १७६१ ला, पौषात, काय झाले ते सांगायला नको. बागपत खरबुजांसाठी नावाजलेले गाव आहे. ज्यांचे पोट त्या वाळूवर चालते, त्यांना दसरा-दिवाळीच्या मध्ये नदी कशी ओसरते हे सालोसाल ठाऊक असते. मोठ्या माणसांच्या मसलतीत अशांचे ज्ञान बहुधा जादाच धरले जाते.

स्वराज्य आल्यावर तरी हा रकाना बदलला का? उत्तर प्रदेशात १९५१ साली जमीनदारी निर्मूलनाचा कायदा झाला आणि १९५२ च्या जुलैपासून तो अमलात आला. लक्षावधी कुळे आपल्या जमिनींची धनी झाली. त्या कायद्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच कायद्याच्या १३२ व्या कलमात काही जमिनी वगळल्या आहेत, आणि त्यांत एक आहे नदीच्या पात्रातली, अधूनमधून कसली जाणारी जमीन. तिथे कायमचा हक्क लागू होत नाही. कसणारा 'असामी', म्हणजे केवळ कूळ, राहतो. जी जमीन दरसाल बुडते आणि जागा बदलते तिची मालकी लिहायची कशी, ही सरकारची अडचण खरीच आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ठरल्या तिथीला सुरू होणारी आणि ठरल्या तिथीला संपणारी शेती 'अधूनमधून' होते असे म्हणणे त्या म्हाताऱ्याने ऐकले असते, तर तो पुन्हा हसला असता. २०१६ पासून तिथे नवी महसूल संहिता लागू झाली. त्या अपवादाची जागा तिच्यातही कायम आहे.

एक गोष्ट मात्र चांगली घडली. १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमधल्या पुसा गावची शेतकी संशोधन संस्था १९३६ साली दिल्लीला आली, आणि गावाचे नाव सोबत घेऊन आली. त्या संस्थेने उन्हाळी भाज्यांकडे लक्ष दिले. भेंडीवर केवडा पडून पाने पिवळी व्हायची आणि छोट्या शेतकऱ्याचा हंगाम जायचा. १९६० च्या सुमारास आलेल्या 'पुसा सावनी' वाणाने त्या रोगाला बरीच वर्षे तोंड दिले. पुढे तिचीही ताकद ओसरली आणि नवे वाण शोधावे लागले. लांब दुधीचे 'पुसा समर' वाण, परदेशातून आणून इथे रुजवलेले 'शुगर बेबी' कलिंगड, ही त्याच घराण्यातली. बल्खच्या माळ्याने बादशहासाठी केले, तेच या लोकांनी बिघाभर रानाच्या धन्यासाठी केले.

आणि आता नदीच बिघडली आहे. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या यमुनेच्या पूरक्षेत्रात खाण्याची पिके घेण्यास मनाई केली. पाण्यात शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे विष, ते भाजीत उतरणार. तेव्हा खाणाऱ्यांच्या जिवाची काळजी योग्यच होती. पण नदी बिघडवली शहराने, आणि प्रथम उठायला सांगितले गेले ते वाळूवाल्याला, ही गोष्ट मनाला लागते. कौटिल्याने वेलफळांसाठी राखलेली भूमी आपण तीही पिकवण्याजोगी ठेवली नाही. जुलै २०२३ मध्ये तीच यमुना दिल्लीत २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक तिने मागे टाकला. काठावरच्या झोपड्या गेल्या, माणसे मुलाबाळांसह रस्त्याच्या कडेला येऊन राहिली. नदी उतरताच त्यांतली कितीतरी पुन्हा खाली गेली. त्यांना दुसरी जमीन नव्हती.

विदर्भात नदीच्या वाळूत ज्या डांगरवाड्या लागतात त्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ही माणसे परकी वाटणार नाहीत. तोच चर, तीच झोपडी, रात्रभर कोल्ह्यांवर तीच राखण.

त्या कार्तिकात निघताना मी म्हाताऱ्याला विचारले होते, की दिवाळी कुठे करणार. तो म्हणाला, "दिवा लावायला घरी जाईन, बाबूजी. पण उद्या सकाळी परत यायला हवे. पाणी थांबत नाही."

पुढच्या वैशाखात घरी खरबूज कापाल, तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा, की याची आखणी आपण फटाके उडवीत होतो त्या दिवसांत झाली होती. वहीत त्याला जादा हंगाम म्हणतात, म्हणोत. ज्याला वर्षातले सहा-सात महिनेच जमीन मिळते, त्याच्या पंचांगात एकही दिवस जादा नसतो.