मोटार, फेरीबोट आणि चार खाड्या
उदगीरहून कोकण किनाऱ्याच्या सहलीचा आराखडा

उदगीरच्या माणसाला प्रवास किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय आहे. लातूर सुमारे ६५ किलोमीटर, पुणे सुमारे ४००. गाडीचा वेग ठाऊक असला की पोहोचण्याची वेळ सांगता येते. कोकण किनाऱ्यावर हा हिशेब अपुरा पडतो. तेथे रस्ता खाडीच्या काठाशी येऊन थांबतो, मोटार बोटीवर चढते, पलीकडच्या धक्क्यावर उतरते आणि पुढचा रस्ता सुरू होतो. समुद्रातील बेटांवरचे किल्ले पाहायचे तर मोटार काठावर ठेवून होडीत बसावे लागते. या सहलीचे वेळापत्रक गाडीच्या वेगावर नव्हे, तर पाण्याच्या वेळेवर बसवावे लागते. हे ज्यांनी आधी जाणले, त्यांचा प्रवास सुखाचा होतो.

चार खाड्या, चार बोटी

अलिबाग ते रत्नागिरी या पट्ट्यात मोटारी वाहून नेणाऱ्या चार फेरीबोटी महत्त्वाच्या आहेत. उत्तरेकडून पहिली राजपुरी खाडीवरील आगरदांडा-दिघी. दुसरी सावित्रीच्या मुखाजवळची बागमांडला-वेश्वी. ही रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांना जोडते. तिसरी वाशिष्ठीवरील दाभोळ-धोपावे. ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. चौथी शास्त्री नदीच्या खाडीवरील तवसाळ-जयगड.

या बोटी सपाट तळाच्या असतात. पुढची फळी धक्क्यावर टेकते आणि मोटारी थेट आत चढतात. प्रत्यक्ष पाण्यातला वेळ थोडा, साधारण पाव तासाचा असतो. खरा वेळ जातो तो रांगेत. एक फेरी चुकली की पुढच्या फेरीसाठी पाऊण ते एक तास मोजावा लागतो आणि सलग सुट्ट्यांत एका फेरीत जागा मिळेलच असे नाही. फेरी टाळायची झाल्यास वळसा मोठा पडतो. दाभोळहून गुहागर समोर दिसावे इतके जवळ, पण रस्त्याने जायचे तर दापोली, खेड, चिपळूण अशी प्रदक्षिणा घडते. म्हणून दिवसाची शेवटची फेरी केव्हा सुटते, हे आदल्या संध्याकाळी विचारून ठेवावे आणि दिवसाउजेडीच धक्क्यावर पोहोचावे.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब पाहुण्यांनीही शिकून घ्यावा. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. तेथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. या उत्तरात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. त्यामुळे नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे अधिकृत कोष्टक पाहावे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेही ध्यानात असू द्यावे.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असते. पाणी जितके वर चढते, तितकेच ओहोटीला खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते; तेव्हा चढ-उतार कमी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला पायी जाता येते, पण भांगाच्या दिवसांत वाटेवर पाणी राहण्याचा संभव असतो. द्वितीया ते चतुर्थी या तिथींना सकाळी चांगली ओहोटी मिळते. सहलीची तारीख ठरविताना पंचांग पाहण्याचे हे व्यावहारिक कारण.

आठ दिवसांची आखणी

पहिला दिवस : उदगीर ते पुणे. मुक्काम.

दुसरा दिवस : खोपोली, पेणमार्गे अलिबाग. ओहोटी साधल्यास कुलाबा किल्ला, अन्यथा तो दुसऱ्या सकाळी. जवळच्या थळ किनाऱ्यासमोर खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये त्याची उभारणी सुरू केली.

तिसरा दिवस : रेवदंड्यावरून मुरूड. राजपुरीहून होडीने जंजिरा. सिद्दींचा हा जलदुर्ग मराठ्यांना अखेरपर्यंत जिंकता आला नाही. दुपारनंतर आगरदांड्याहून दिघी, मुक्काम दिवेआगर.

चौथा दिवस : श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. फेरीने वेश्वी, तेथून केळशी, आंजर्लेमार्गे हर्णै.

पाचवा दिवस : सकाळी होडीने सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत हा किल्ला तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १७६० मध्ये, त्याच पेशव्यांच्या फौजेने सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली उदगीरची लढाई जिंकली. घरचा किल्ला पाहिलेल्या उदगीरकराला येथे इतिहासाचे दुसरे टोक सापडते. दुपारी दापोली, दाभोळ, धोपावे, मुक्काम गुहागर.

सहावा दिवस : वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. फेरीने जयगड, मग गणपतीपुळे व रत्नागिरी.

सातवा व आठवा दिवस : आंबा घाटाने कोल्हापूर, पुढे सोलापूर, तुळजापूर, लातूरमार्गे घर. परतीचे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या घरात जाते. ते एका दिवसात उरकण्याचा अट्टहास करू नये.

खांदेरी आणि सुवर्णदुर्ग यांचा समावेश जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या मराठाकालीन बारा किल्ल्यांत आहे. त्याच यादीतील सिंधुदुर्ग पाहायचा असेल तर मालवणसाठी आणखी दोन दिवस राखावेत.

केव्हा जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. खाडीवरील फेऱ्याही हवामान बिघडल्यास थांबतात. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत जाणे भाग असेल तर प्रत्येक धक्क्यासाठी दीड-दोन तास जादा धरावेत.

हे ध्यानात ठेवावे

बोटीवर इंजिन बंद करून हातब्रेक लावावा व गाडी गिअरमध्ये ठेवावी. सुटे पैसे जवळ असावेत. इंधनाची टाकी मोठ्या गावातच भरावी. किनारी रस्ते अरुंद व वळणांचे आहेत. ताशी तीस किलोमीटरचा वेग धरून हिशेब करावा.

मोटार वाळूवर कधीही नेऊ नये. ओहोटीला घट्ट भासणारी वाळू चाकाखाली सरकते, गाडी रुतते आणि ती निघण्याआधी भरती येते. पाण्यात उतरण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. आपल्याकडे नदीला पूर आला की तो डोळ्यांना दिसतो. समुद्राची ओढ वरून दिसत नाही. स्थानिक माणसाने ‘आता नको’ म्हटले की तो शब्द अखेरचा मानावा.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या आखणीत या खाड्यांवर पूल आहेत. ते पूर्ण झाल्यावर अंतरे कमी होतील आणि धक्क्यावरची प्रतीक्षाही सरेल. तोवर मात्र प्रवासाच्या यादीत गाडीच्या कागदपत्रांशेजारी पंचांगाला जागा द्यावी.