राणीच्या बागेची सहल

मुलांस घेऊन कोठें जावें हा प्रश्न सुटीच्या दिवशीं शहरांतील गृहस्थापुढें जसा उभा राहतो, तसा खेड्यांतील गृहस्थापुढें तो सहसा राहत नाहीं. तेथें नदी असते, देऊळ असतें, वर्षाची जत्रा असते. मूल उंबऱ्याबाहेर पडलें कीं त्याची सहल सुरू झाली. शहरांत मात्र सहल योजावी लागते आणि तिच्यासाठीं कोणीतरी आधीं जागा राखून ठेवावी लागते. मुंबईंत ही जागा म्हणजे भायखळ्याची राणीची बाग व तिच्यांतील म्युझियम. १९६९ सालीं बागेचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालें, १९७५ सालीं म्युझियमास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें. तरी लोकांच्या तोंडीं अजून ‘राणीची बाग’ हेंच नांव आहे. ही बाग म्हणजे इंग्रज सरकारनें प्रजेस दिलेली देणगी अशी पुष्कळांची समजूत दिसते. ती अर्धीच खरी आहे, असें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

या संग्रहालयाचा जन्म मुलांसाठीं झाला नाहीं, किंबहुना तो सामान्य लोकांसाठींही झाला नाहीं. १८५१ सालीं लंडनास जें मोठें प्रदर्शन भरलें, त्यानें सर्व व्यापारी राष्ट्रांच्या मनांत एक नवी हौस उत्पन्न केली. पुढें १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं मुंबई इलाख्यांतून जिन्नस जमविण्यांत आले, आणि त्यांचे दुसरे नमुने येथेंच ठेवून संग्रहालय करावें असें ठरलें. कापूस, तेलबिया, लाकडें, खनिजें, विणकाम, भांडीं असा हा संग्रह; म्हणजे हें पेढीवरील नमुन्यांचेंच मोठें कपाट होय. कोटांतील लष्करी बराकींत त्याची मांडामांड झाली. इतक्यांत १८५७ चें वर्ष उजाडलें. शिपायांच्या उठावामुळें बराकी लष्करास तातडीनें हव्या झाल्या, आणि संग्रह बाहेर उघड्यावर टाकण्यांत आला. त्यांतील बराचसा भाग नष्ट झाला. संग्रहालयाचा पहिला अध्याय हा असा संपला.

दुसरा अध्याय आमच्या लोकांनीं लिहिला. १८५८ सालीं जाहीर सभा भरून राणीच्या नांवानें नवें संग्रहालय व बाग करण्याचा संकल्प झाला. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून, जीजीभाईंचें घराणें इत्यादि धनिकांनीं वर्गणी घातली. चिटणिसाचें काम डॉ. जॉर्ज बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी या दोघांनीं मिळून केलें. भाऊ दाजी हे मूळचे गोमंतकांतील मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींतले वैद्य. शिलालेख व जुनीं नाणीं यांचे गाढे अभ्यासक. सरकारनें जागा दिली, परंतु द्रव्य बव्हंशीं शहरानें उभें केलें, हें ध्यानांत ठेवावयास हवें. १८६२ च्या १९ नोव्हेंबरला गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांनीं इमारतीचा पाया घातला. बागही त्याच दिवशीं लेडी फ्रीयर यांच्या हस्तें खुली झाली. गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ दुसऱ्याच वर्षीं, १८६३ त, प्रसिद्ध झालें. मुंबई स्वतःकडे कौतुकानें पाहूं लागली होती, तो हा काळ.

पण हें कौतुक फार दिवस टिकावयाचें नव्हतें. अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला व शेअरांचा सट्टा शहरभर माजला. १८६५ सालीं ती यादवी संपली, आणि येथील श्रीमंतीचा फुगा फुटला. भाऊ दाजींची संपत्ति त्यांत गेली; नाना शंकरशेट त्याच वर्षीं वारले; वर्गणीचा ओघ आटला. अर्धवट राहिलेली इमारत शेवटीं सरकारनें पुरी केली व १८७२ च्या २ मे रोजीं ती लोकांस खुली झाली. भाऊ दाजी त्यानंतर पुरतीं दोन वर्षें जेमतेम जगले असतील नसतील, तों १८७४ च्या मे महिन्यांत त्यांचा अंत झाला. ज्या इमारतीसाठीं त्यांनीं इतकी वणवण केली, तिला त्यांचें नांव लागावयास आणखी एक शतक जावें लागलें!

आतां या कपाटाची सहल कशी झाली तें पाहूं. तारदेवास कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ सालीं सुरू झाली होती. पुढील काळांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांचें रान माजलें, आणि कोटापासून दूर, मोकळ्या हवेंत म्हणून केलेली बाग कामगारवस्तीच्या कुशींत येऊन पडली. कोंकणांतून व घाटावरून आलेलीं माणसें सुटीच्या दिवशीं बायकामुलांसह बागेंत येऊं लागलीं. त्यांना कापसाच्या जातींशीं काय कर्तव्य? ओतीव लोखंडाचे रंगविलेले खांब, इंग्लंडांतून आणलेल्या मिंटनच्या नक्षीदार फरशा, वरच्या सज्ज्याचा थाट हें सारें तीं माणसें डोळे भरून पाहत व आश्चर्य करीत पुढें जात. प्रेक्षक नुसते पाहतात, शिकत कांहीं नाहींत, अशी तक्रार या देशांतील त्या काळच्या संग्रहालयांचे चालक नेहमीं करीत. आम्हांस ही तक्रार खरी असूनही गैर वाटते. मूल प्रथम आश्चर्य करतें, शिकतें तें मागाहून. आणि पुष्कळ प्रौढ माणसेंही याच क्रमानें शिकतात. वर्गांतील तीस वर्षांच्या अनुभवावरून आम्ही हें म्हणत आहों.

चालकांसही हें हळूहळू उमगलें असावें. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालयाची व्यवस्था आली, आणि तेथें मातीच्या लहान लहान प्रतिमा तयार होऊं लागल्या. निरनिराळ्या जातिजमातींचे लोक, त्यांचे पोशाख व पागोटीं, कारागीर व त्यांचीं हत्यारें अशी एक वीतभर उंचीची मुंबई कांचेआड उभी राहिली. या प्रतिमांत माणसांची जातवार वर्गवारी करण्याची साहेबी खोड आहेच, ती आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मुलें तेथें जितका वेळ थबकतात तितका तीं कोठेंच थबकत नाहींत, हेंही तितकेंच खरें.

जिनसांपैकीं एकीविषयीं थोडें विस्तारानें लिहिल्यावांचून राहवत नाहीं. ती म्हणजे युरोपांत ‘मुंबईच्या पेट्या’ या नांवानें प्रसिद्ध झालेली जडावाची पेटी. हें सादेली काम मूळ सुरतेचें. पारशी कारागिरांबरोबर तें मुंबईस आलें. हस्तिदंत, शिसवी, चंदन व कथील यांच्या त्रिकोणी बारीक सळ्या सरसानें एकत्र चिकटवून त्यांची जुडी करावयाची, मग ती जुडी आडवी कापून तिच्या पातळ चकत्या काढावयाच्या, आणि त्या चकत्या पेटीवर बसवावयाच्या, अशी ही युक्ति. प्रत्येक चकतींत तीच चांदणी पुन्हा निघते. एका मुलास आम्हीं हें समजावून सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, “म्हणजे काकडीच्या चकत्यांसारखें!” बर्डवुडसाहेबांनीं १८८० सालीं हिंदी कारागिरीवर मोठा ग्रंथ लिहिला, पण इतकी सुटसुटीत उपमा त्यांनाही साधली असेल असें वाटत नाहीं.

सहलीचा उत्तरार्ध म्हणजे खरेदी. तिच्यासाठीं क्रॉफर्ड मार्केट. १८६९ सालीं बांधून झालेल्या, आतां महात्मा फुल्यांचें नांव धारण करणाऱ्या या मंडईच्या दारांवर लॉकवुड किपलिंग यांनीं शेतकऱ्यांचीं उठावाचीं चित्रें कोरविलीं, आंतील कारंजावरही त्यांचीच कारागिरी आहे. फळें घेतांना मान वर करून तीं पाहणारा गृहस्थ मात्र आम्हांस विरळाच आढळला.

बागेंत परतूं. म्युझियमच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे. घारापुरीच्या बेटास पोर्तुगीजांनीं एलिफंटा हें नांव दिलें तें याच हत्तीवरून. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना साखळी तुटली व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेंत आणून ठेवले, आणि १९१४ सालीं ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. आमच्याबरोबरच्या एका लहान मुलीनें त्याच्या पायावर हात ठेवून “पडला तेव्हां याला लागलें का?” असें विचारलें. काळाघोड्याजवळच्या मोठ्या वस्तुसंग्रहालयानें २०१९ सालीं मुलांसाठीं स्वतंत्र दालन काढलें, तें उत्तम झालें. पण इतिहासास हात लावून पाहण्याची सोय या हत्तीनें त्यापूर्वीं शंभर वर्षें करून ठेविली होती.

झाडांविषयीं आमचें मत थोडें कडवट आहे. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी असे दुर्मिळ वृक्ष या बागेंत आहेत. २००७ च्या सुमारास परदेशी धर्तीचें प्राणिसंग्रहालय करण्याचा बेत निघाला, तेव्हां या झाडांची काळजी वाटून कांहीं नागरिक नेटानें आडवे आले. पुढें २०१६ सालीं पेंग्विन आले, आणि त्यांना पाहण्यासाठीं अफाट गर्दी लोटली. पेंग्विनांशीं आमचें वैर नाहीं. परंतु ज्या उर्वशीच्या फुलांसाठीं माणसानें वांकडी वाट करून यावें, तिच्याखालून रांग पुढें सरकते आणि कोणी वर पाहत नाहीं, हें पाहून जीव हळहळतो. म्युझियमचें नशीब त्या मानानें बरें म्हणावयाचें. २००३ पासून पांच वर्षें खपून त्याची जी डागडुजी झाली, ती पाहून युनेस्कोनेंही तिचा गौरव केला.

म्युझियमवरून पुढें गेलें कीं काळा घोडा दिसतो. युवराज असतांनाच्या सातव्या एडवर्डाचा हा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनीं शहरास दिला. १८७९ सालीं तो कोटाबाहेर उभा राहिला व १९६५ सालीं येथें आणला गेला. मूळ जागेचें नांव काळा घोडा असेंच राहिलें, आणि २०१७ सालीं तेथें नवा घोडा बसविला, तोही स्वाराशिवाय. बागेंतल्या घोड्यावर स्वार अद्याप आहे. मुलें त्याच्याभोंवतीं धांवतात. कोणी घोड्याचें नांव विचारतें, स्वाराचें कोणी विचारल्याचें आमच्या तरी कानांवर आलेलें नाहीं.